पुस्तक, वही आणि ओहोटीची वेळ

१ जूनला मासेमारी बंद होते आणि ३१ जुलैपर्यंत मालवणच्या किनाऱ्यावर होड्या झापांखाली विसावतात. जूनच्या मध्याला शाळाही सुरू होतात. नववीतल्या मुलीच्या हातात विज्ञानाचे नवे पुस्तक येते, दहावीच्या मुलाला त्याचे दोन भाग मिळतात आणि अकरावीला विज्ञान शाखा घेतलेला विद्यार्थी जीवशास्त्राचे जाडजूड इंग्रजी पुस्तक उघडून बसतो. मासेमारीला बंदी का, हे यातल्या बहुतेकांना घरातच कळलेले असते. पावसाळ्यात दर्या खवळलेला असतो आणि याच दिवसांत बरीच मासळी अंडी घालते. अंगात गाबोळी असलेला मासा आज मारला तर उद्याचे जाळे रिकामे येते. प्रजनन आणि परिसंस्था या दोन्ही पाठांचा गाभा एवढ्या बोलण्यात येऊन जातो. तरीही हीच मुले ते पाठ कुठल्यातरी दूरदेशीचे असल्यासारखे घोकताना दिसतात.

दहावीच्या निकालात कोकण विभाग दरवर्षी राज्यात पहिला येतो. आपल्या मुलांना अभ्यास जमतो, यात शंका नाही. पण गुण मिळाले म्हणजे विषय कळला असे जीवशास्त्रात होत नाही, आणि त्याचा फटका अकरावीत बसतो. नववी ते अकरावी या तीन वर्षांत या विषयात काय शिकायचे असते आणि सिंधुदुर्गात राहणाऱ्याने ते कसे शिकावे, याबद्दल विद्यार्थ्यांशी आणि त्यांच्या आईवडिलांशी बोलायचे आहे. पाठ कितीही दिसले तरी मूळ कल्पना मोजक्या आहेत. त्या पारखून पाहायला लागणारे सगळे साहित्य इथे घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. आधी कल्पना समजून घ्या, लगेच ती प्रत्यक्षात पाहा, आणि पाठांतर सर्वांत शेवटी करा.

राज्य मंडळाच्या सध्याच्या नववीच्या पुस्तकात वनस्पतींचे वर्गीकरण, परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाह, उपयुक्त आणि उपद्रवी सूक्ष्मजीव, जीवनप्रक्रिया, आनुवंशिकता आणि परिवर्तन, जैवतंत्रज्ञानाची ओळख हे पाठ आहेत. दहावीचे पुस्तक २०१८ साली आले. त्याच्या दुसऱ्या भागात आनुवंशिकता व उत्क्रांती, जीवनप्रक्रियांचे दोन पाठ, प्राण्यांचे वर्गीकरण, सूक्ष्मजीवशास्त्र, पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान, पर्यावरणीय व्यवस्थापन, सामाजिक आरोग्य असा ऐवज आहे. लेखी परीक्षेत हा भाग ४० गुणांचा, पहिला भाग ४० गुणांचा आणि उरलेले २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. अकरावीत हेच विषय पुन्हा येतात, पण खोलात जाऊन: जैवरेणू, पेशीविभाजन, वनस्पतींच्या ऊती, झुरळाचा सविस्तर अभ्यास, प्रकाशसंश्लेषण, श्वसन, उत्सर्जन, सांगाडा. पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. नववीत असतानाच दहावीचे पुस्तक एकदा चाळून ठेवा. कुठला धागा पुढे कुठे जातो ते दिसते.

या सगळ्या पाठांच्या तळाशी पाच गोष्टी आहेत. सजीव पेशींचे बनलेले असतात. त्यांना जगायला ऊर्जा लागते. गुणधर्म आईवडिलांकडून संततीत उतरतात. पिढ्यान्‌पिढ्या बदल होत जाऊन सजीवांचे इतके प्रकार झाले. आणि कोणताही सजीव एकटा जगत नाही. नवा पाठ सुरू झाला की तो या पाचांपैकी कशाबद्दल आहे, हे पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवा.

पेशी आणि खारे पाणी

पेशीचा पाठ आकृती काढून संपवायची सवय आहे. त्याऐवजी शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली एक प्रयोग करा. लाल कांद्याची पाकळी घ्या, तिच्या बाहेरच्या जांभळ्या बाजूची पातळ साल चिमट्याने ओढून काढा आणि काचपट्टीवर साध्या पाण्याच्या थेंबात पसरून वर आच्छादक काच ठेवा. जांभळ्या रसाने काठोकाठ भरलेल्या लांबट पेशी दिसतील. आता बाटलीतून आणलेल्या समुद्राच्या पाण्याचा एक थेंब काचेच्या एका कडेला सोडा आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावा, म्हणजे खारे पाणी आत ओढले जाईल. डोळा भिंगावरून हलवू नका. काही मिनिटांत जांभळा भाग भिंतीपासून सुटू लागतो, आक्रसतो आणि पेशीच्या मध्ये गोळा होतो. भिंत मात्र जागच्या जागी राहते. पेशीभित्तिका आणि पेशीपटल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यानंतर घोकावे लागत नाही.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पेशीतल्या रसापेक्षा बाहेर क्षार जास्त, म्हणून पेशीतले पाणी पटलातून बाहेर पडते. हेच परासरण. आता त्याच काचपट्टीवर विहिरीचे पाणी सोडा. बहुतेक पेशी पुन्हा भरून येतील. बांगडा मीठ लावून सुकवला की टिकतो त्याचे कारणही हेच. मिठामुळे माशातले पाणी निघून जाते, आणि त्याला कुजवणाऱ्या जीवाणूंच्या पेशीतलेही.

मग खाडीतले झाड कसे जगते, हा प्रश्न तुमच्या डोक्यात यायलाच हवा. कोळंबच्या किंवा कर्लीच्या खाडीवर जाऊन तिवराचे पान जिभेला लावून पाहा. ते खारट लागते, कारण तिवर जास्तीचे मीठ पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतो. कोरड्या दिवसांत पानावर मिठाचे बारीक कणही दिसतात. कांदळ तर बी झाडावर असतानाच रुजवतो. फांदीला लोंबणाऱ्या त्या हिरव्या लांब शेंगांसारख्या गोष्टी ही त्याची रोपेच आहेत. पांढरी चिप्पी हा २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचतगटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात. शाळेची सहल ठरवताना पहिल्यांदा हे ठिकाण विचारात घ्यावे, असे मी मुख्याध्यापकांना आग्रहाने सांगेन.

ऊर्जेबद्दल फार लिहीत नाही. तो पाठ आकृत्या समोर घेऊन समजून घ्यावा लागतो. एक मात्र ध्यानात ठेवा. श्वास घेणे वेगळे आणि पेशीतले श्वसन वेगळे. रापण ओढणाऱ्या माणसाच्या दंडात ग्लुकोज फुटून जी ऊर्जा एटीपीच्या रूपात मिळते, ते श्वसन. त्याच्या छातीचा भाता चालतो तो केवळ त्यासाठी लागणारा ऑक्सिजन आत आणण्यासाठी. एका ग्लुकोजच्या रेणूपासून ३८ एटीपी, असे पुस्तकात आहे. नव्या मोजमापांनी हा आकडा ३० ते ३२ असा येतो. परीक्षेत पुस्तकातला लिहा, पण पुढे कधी दुसरा आकडा दिसला तर गोंधळू नका.

वर्गीकरण बाजारात आणि कातळावर

दहावीच्या मुलांना प्राण्यांचे वर्गीकरण सर्वांत कंटाळवाणे वाटते, आणि मालवणच्या मुलांनी तसे म्हणावे याचे मला खरोखर वाईट वाटते. अख्ख्या महाराष्ट्रात या पाठासाठी याहून चांगली जागा नाही. नागपूर-लातूरच्या मुलांना स्पंज, समुद्रफूल, तारामासा, समुद्रकाकडी चित्रांतच पाहावी लागते. तुम्हाला फक्त वेळ साधायची आहे.

ती वेळ तिथीवरून काढता येते. तिथीचा आकडा पाऊणने गुणला की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. तृतीया असेल तर तीन पाऊण सव्वादोन, म्हणजे सव्वादोनच्या सुमाराला भरती आणि तिथून सव्वासहा तासांनी, साडेआठच्या आसपास, ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या द्वितीया-तृतीयेला उधाणाचे पाणी असते. ते जितके वर चढते तितकेच खाली उतरते. म्हणून त्या दिवशी सकाळी पावणेआठ ते साडेआठच्या दरम्यान कातळ सर्वांत जास्त उघडा पडतो. घरात कोणी दर्यावर जाणारे असेल तर त्यांना विचारून किंवा भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहून खात्री करा. ओहोटीच्या तासभर आधी पोचायचे आणि पाणी परतू लागले की निघायचे. पावसाळ्यात जायचे नाही, एकट्याने जायचे नाही, आणि अनवाणी जायचे नाही.

चिवल्याच्या बाजूला किंवा रॉक गार्डनच्या कातळावर वरून खाली उतरत या. सर्वांत वर, जिथे फक्त भरतीचे पाणी पोचते, तिथे छोटे शंख आणि बार्नेकल दिसतील. बार्नेकलचे पांढरट कवच पाहून कोणीही त्याला मृदुकाय प्राण्यांत टाकेल. तो आहे संधिपाद, खेकड्याचा नातेवाईक. पाण्याखाली असलेल्या बार्नेकलकडे निवांत पाहत बसा; कवचाचे तोंड उघडते आणि आतून पिसासारखे पाय बाहेर येऊन पाण्यातले अन्न आत ओढतात. जोडपाय दिसले, की संधिपाद. त्याच्या खाली कालवे चिकटलेली असतात. ती मात्र खरी मृदुकाय. आणखी खाली पाण्याच्या डबक्यांत समुद्रफुले असतात. त्यांच्या शुंडकांवरच्या दंशपेशी हेच निडारिया संघाचे लक्षण. खडकाच्या सावलीतल्या बाजूला रंगीत पापुद्र्यासारखा चिकटलेला तो स्पंज, रंध्रीय संघातला. दगड उलटून पाहिलात तर ठिसूळ बाहूंचा तारा दिसू शकेल, कंटकचर्मी संघातला. पाहून झाल्यावर दगड होता तसाच परत ठेवा, कारण त्याखालचे जग सावलीवर आणि ओलाव्यावर जगते.

इथे एक गोष्ट कडकपणे सांगायला हवी. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. प्रवाळ, समुद्रकाकडी, समुद्रघोडा यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. प्रकल्पाच्या वहीसाठी बाटलीत बुडवून आणायचे दिवस गेले. फोटो काढा, चित्र काढा, जागा आणि वेळ लिहा. ज्यांचे भाऊ-काका पर्यटकांना पाण्याखाली प्रवाळ दाखवायला नेतात, त्यांनी त्यांनाही एवढे समजावून सांगावे: प्रवाळ हा दगड नसून प्राणी आहे, त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि त्याला अन्न पुरवते. पाणी फार तापले की हे शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो. त्यावर पाय ठेवून उभे राहिले तर तो मोडतो, आणि पुन्हा वाढायला वर्षानुवर्षे लागतात.

कातळावर जाणे जमत नसेल तर मासळीबाजार आहेच. आईबरोबर जा आणि तिच्या मागे टोपली घेऊन नुसते उभे राहू नका. सुंगटांचे आणि कुर्ल्यांचे पाय जोडाजोडांचे. तिसरे, शिनाणे, कालवे यांना दोन शिंपा. माकूल मऊ आणि वरून शिंप नसलेले, पण मृदुकायच. साफ करताना त्याच्या पाठीतून निघणारी ती पारदर्शक पट्टी पूर्वजांच्या कवचाची उरलेली खूण आहे. किनाऱ्यावर सापडणारा पांढरा समुद्रफेस हेही माकुलाच्या भावकीतल्या प्राण्याचे आतले कवच. मोरीच्या आमटीत काटे लागत नाहीत, कारण तिचा सांगाडा कास्थींचा. तिच्या कल्ल्यांवर झाकण नसते, नुसत्या चिरा असतात. आणि तारकर्लीच्या पुढे उसळ्या मारणारा डॉल्फिन दिसायला मोरीसारखा असला तरी तो सस्तन: त्याची शेपटी आडवी, वरखाली हलणारी, मोरीची उभी, बाजूंना हलणारी. सारख्या परिस्थितीत राहून दोन वेगळ्या घराण्यांतले प्राणी सारखे दिसू लागतात, हा उत्क्रांतीतला मुद्दा एका वाक्यात तिथे सापडतो.

बांगडा घरी आला की कापण्याआधी पाच मिनिटे मागून घ्या. कल्ल्याचे झाकण उचला. आत चार कमानी आणि त्यांवर लाल पातळ पाकळ्या. लाल, कारण त्यांत रक्त खेळते आणि पाण्यातला ऑक्सिजन तिथेच घेतला जातो. कमानीच्या आतल्या बाजूला लांब पिसांसारखी दाती दिसेल. बांगडा त्यातून पाणी गाळून बारीक प्लवक खातो. इसवणाच्या तोंडात तशी दाट गाळणी नसते, धारदार दात असतात, कारण तो दुसरे मासे मारतो. कल्ल्यांच्या मागे, खालच्या बाजूला लहानसे गडद लाल हृदय असते, दोन कप्प्यांचे. ही सगळी रचना वहीत काढा, रंग भरा, नावे घाला. सुंदर चित्र येण्याची गरज नाही. नावे दाखवणाऱ्या रेषा एकमेकींना छेदू देऊ नका. परीक्षकही तेच पाहतो.

शास्त्रीय नावांची भीती घालवायला आंबोलीचे उदाहरण पुरेसे आहे. हिरण्यकेशीच्या उगमाजवळच्या पाण्यात सापडलेल्या लहानशा माशाचे वर्णन २०२० साली प्रसिद्ध झाले आणि त्याला शिस्टुरा हिरण्यकेशी असे नाव मिळाले. २०२१ मध्ये ते ठिकाण जैविक वारसास्थळ जाहीर झाले. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. आपल्या जिल्ह्यातली नदी जगभरच्या शास्त्रज्ञांच्या तोंडी गेली ती अशी. इंग्रजीत लिहिताना पहिल्या शब्दाचे पहिले अक्षर मोठे, दुसरा शब्द सगळा लहान अक्षरांत, आणि हाताने लिहिले असेल तर दोन्ही शब्दांखाली वेगवेगळ्या रेघा.

हापूस, रातांबा आणि कासवाची अंडी

मेंडेलने वाटाण्यावर केलेले प्रयोग १८६६ साली छापले गेले. ३:१ आणि ९:३:३:१ ही गुणोत्तरे चौकटी मांडून स्वतः काढायला शिका. पाठ केलेले गुणोत्तर जरा वेगळा प्रश्न आला की हातातून निसटते. ते जमले की बागेत चला.

हापूसची कोय लावली तर हापूस येईलच असे नाही, हे देवगडात शेंबडे पोरही सांगेल. म्हणून कलमे बांधतात. का येत नाही, ते मात्र सांगता आले पाहिजे. कोय परागणातून तयार होते, तिच्यात दोन झाडांचे गुण मिसळतात आणि पुन्हा नव्याने वाटले जातात. कलमात एकाच झाडाचा डोळा पुढे जातो, जनुके तीच राहतात. शाकीय प्रजनन आणि लैंगिक प्रजनन यांतला फरक विचारला तर हेच उत्तर लिहा, गुलाबाच्या फांदीचे उदाहरण सगळेच देतात. याची दुसरी बाजूही आहे. सगळी कलमे सारखी असली की एका झाडाचा दोष सगळ्यांचा दोष होतो. हापूसमध्ये साका होतो, म्हणजे गर आतून खराब होतो. म्हणून वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांचा संकर करून रत्ना हे वाण काढले गेले. ते १९८१ साली आले आणि त्यात साका होत नाही. काजूच्या वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जाती याच केंद्राच्या. तुमच्या परसात यातले एखादे झाड असेल तर मेंडेलचा पाठ अंगणातच उभा आहे.

रातांब्याची गोष्ट आणखी चांगली. यात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बी लावून वाढवलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात, आणि ती नर आहेत हे कळायला फुले येईपर्यंत वर्षानुवर्षे थांबावे लागते. शेतकरी मादी झाडाची कलमे का घेतात, ते आता कोणी सांगायला नको. आगळाच्या लाल रंगाचा प्रयोगही करून पाहा: थेंबभर आगळात पाणी घालून चिमूटभर खायचा सोडा टाका आणि रंग कसा बदलतो ते पाहा. आम्ल-आम्लारीचा पाठ रसायनशास्त्राचा असला तरी रंगद्रव्य वनस्पतीने तयार केलेले आहे.

लिंगनिश्चितीचा भाग मी मुद्दाम सविस्तर सांगतो. माणसात मूल मुलगा होणार की मुलगी हे वडिलांच्या शुक्रपेशीत एक्स गुणसूत्र आहे की वाय, यावर ठरते. आईकडून नेहमी एक्सच येते. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरात हे वाक्य मुलांनी मोठ्याने वाचावे. निसर्गात दुसऱ्या रीतीही आहेत. वायंगणीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात. साधारण ४५ ते ६० दिवसांत पिल्ले बाहेर येतात, आणि नर की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरते: वाळू गरम असेल तर माद्या जास्त, थंड असेल तर नर जास्त. हवामान तापत चालले तर पुढे काय होईल, या प्रश्नावर तुम्हीच वहीत पानभर लिहून पाहा.

आता शिक्षकांशी आणि पालकांशी दोन शब्द. दहावीच्या जीवनप्रक्रियेच्या दुसऱ्या भागात मानवी प्रजनन, ऋतुचक्र, कुटुंबनियोजन येते. पुष्कळ ठिकाणी हा पाठ 'घरी वाचून घ्या' म्हणून सोडून दिला जातो. असे करू नये. मुले ते घरी वाचत नाहीत, फोनवर पाहतात, आणि तिथे काय मिळते ते आपल्याला माहीत आहे. पाळी हे शरीराचे नेहमीचे काम आहे, हे मुलींइतकेच मुलांनाही वर्गात, सगळ्यांसमोर, स्वच्छ शब्दांत कळले पाहिजे. शिक्षकांना अवघड वाटत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना किंवा परिचारिकांना वर्गावर बोलवा.

दोन ताप

सूक्ष्मजीवांच्या पाठाला आपल्या जिल्ह्यात दोन जिवंत उदाहरणे आहेत, आणि ती नीट समजली तर घरातल्या माणसाचा जीवही वाचू शकतो. दोडामार्ग भागात २०१६ पासून माकडताप आढळला. तो विषाणूमुळे होतो आणि गोचिडीच्या चाव्यातून माणसात येतो. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला. दुसरा लेप्टोस्पायरोसिस. हा जीवाणूचा. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून, भातलावणीच्या दिवसांत पायाच्या जखमेतून तो शिरतो. जीवाणूवर प्रतिजैविक चालते, विषाणूवर चालत नाही. म्हणून लेप्टोस्पायरोसिसमध्ये वेळेवर गोळ्या मिळाल्या तर माणूस बरा होतो, आणि माकडतापात गोचीड चावू न देणे, जंगलात जाताना अंग झाकणे यालाच महत्त्व आहे. मेलेले माकड दिसले तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवायचे. गोचीड कीटक नव्हे, आठ पायांची, कोळ्याच्या वर्गातली, हेही जाता जाता वर्गीकरणाच्या पाठाला जोडून घ्या. उपयुक्त सूक्ष्मजीवांसाठी आंबोळीचे पीठ पाहा. एप्रिलमध्ये ते किती तासांत फुगते आणि जानेवारीत किती, याची नोंद ठेवा. सूक्ष्मजीवांच्या वाढीवर तापमानाचा होणारा परिणाम तुमच्या आकड्यांत दिसेल.

परिसंस्थेच्या पाठात अन्नसाखळी आणि ऊर्जेचा मनोरा असतो. प्लवक, तारली-पेडवे, इसवण, माणूस, अशी साखळी इथली घाला. एका पायरीवरून दुसरीवर साधारण दहा टक्केच ऊर्जा पोचते, म्हणून इसवण तारलीपेक्षा कमी आणि महाग. पर्ससीन जाळी आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरून पारंपरिक मच्छीमारांनी दिलेला लढा तुमच्या घरांत चर्चेचा आहे. त्यातला जीवशास्त्राचा भाग असा, की अंडी घालण्याआधीच पिल्ले पकडली तर पुढची पिढीच तयार होत नाही. म्हणून शासनाने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला आहे. सरंगा किमान १३५ मिलिमीटर हवा. हाच सरंगा २०२३ मध्ये राज्यमासा झाला. पट्टी घेऊन बाजारात जा आणि मोजा. मासे विकणाऱ्या मावशी रागावणार नाहीत, आधी विचारा म्हणजे झाले.

वही आणि पुढची वाट

या सगळ्यासाठी एक वेगळी, रेघा नसलेली वही ठेवा. प्रत्येक नोंदीत तारीख, तिथी, जागा, काय पाहिले आणि कुठल्या पाठाशी जुळते, एवढे असावे. मराठी माध्यमातून येणाऱ्यांना अकरावीत अचानक सगळे इंग्रजीत वाचावे लागते आणि पहिली चाचणी अवघड जाते. नववीपासूनच वहीत मराठी संज्ञेशेजारी इंग्रजी संज्ञा लिहीत गेलात तर हा धक्का बसणार नाही, कारण आकृती ओळखीची असेल, फक्त नाव बदललेले असेल. वडिलांना विचारा, आजीला विचारा. "आमका काय कळता त्यातला?" असे ते म्हणतील. तरीही विचारा. कुठल्या महिन्यात कुठला मासा गाबोळीने भरतो, पावसाच्या आधी कुठली झाडे फुलतात, ही माहिती त्यांच्याकडे आहे आणि पाठ्यपुस्तकात नाही.

घरची ही माहिती कागदावर आणायची एक अधिकृत जागाही आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. ग्रामपंचायतीत जाऊन ती पाहायला मागा. अपुरी असेल तर दहावी-अकरावीच्या मुलांनी शिक्षकांबरोबर ती पुरी करायला मदत करावी.

पुढे काय, हा प्रश्न पालक विचारतातच. वैद्यकीय शाखेसाठीच्या नीट परीक्षेत ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे असतात, आणि सिंधुदुर्गनगरीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१ पासून सुरू आहे. पण डॉक्टर होण्याशिवाय जीवशास्त्र वाया, असे समजू नका. रत्नागिरीला शिरगावचे मत्स्य महाविद्यालय आहे, कुडाळजवळ मुळद्याला उद्यानविद्या महाविद्यालय आहे. दोन्ही कोकण कृषी विद्यापीठाची. तारकर्लीला पाण्याखालच्या डुबकीचे प्रशिक्षण देणारी संस्था आहे. ऑलिम्पियाडची आवड असेल तर जीवशास्त्राची राष्ट्रीय चाचणी साधारण नोव्हेंबरमध्ये होते. अर्ज करायची मुदत त्याच्या बरीच आधी संपते, तेव्हा गणपतीच्या आधीच शाळेत चौकशी करून टाका.